सिली बेटांवर, कुंपणाच्या आडोशाला

शनिवार

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाशी असलेल्या पेन्झान्सच्या धक्क्यावर सामान उतरवून घेणाऱ्या माणसाने आम्हाला पहिला प्रश्न विचारला तो नाश्त्याचा. "झाला," असं भाचीने सांगितलं, तसा तो मान हलवून पुढच्या बॅगेकडे वळला. त्या मान हलवण्याचा अर्थ किनारा सुटल्यावर तासाभरात कळला. सिली बेटांचं मुख्य बंदर उथळ, म्हणून तिकडे जाणारी बोटही उथळ बुडाची बांधलेली आहे. बंदरात ते सोयीचं पडतं, पण उघड्या अटलांटिकमध्ये ती अशी काही डोलते की बस्स. पावणेतीन तासांचा प्रवास. नवरा वर डेकवर कठडा धरून क्षितिजाकडे बघत उभा राहिला, भाची खाली डोळे मिटून पडली, आणि मी पर्समधली आवळासुपारी शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवली.

इंग्लंडचा नकाशा नैऋत्येला जिथे संपतो, त्या लँड्स एंडपासून ही बेटं समुद्रात साधारण ४५ किलोमीटर आत आहेत. वस्ती फक्त पाच बेटांवर, आणि सगळी मिळून माणसं दोन हजारांच्या थोडी वर. आमच्या बावधनला दोन-तीन सोसायट्यांत तेवढी सहज भरतील. सगळ्यात मोठं सेंट मेरीज, तेही साडेसहा चौरस किलोमीटरचं. तिथल्या ह्यू टाउन या गावात आमची खोली होती.

भाची ब्रिस्टलला असते. "मावशी, तुला काय बघायचंय?" असं तिने विचारल्यावर मी लंडनचं नाव घेतलं नाही. वाऱ्यातली बाग बघायची आहे, एवढंच सांगितलं. काकाला विचारायच्या फंदात ती पडली नाही.

बोटीतून उतरलो तेव्हा ऊन होतं, पारा बाराच्या आसपास, आणि ओढणी सांभाळायला दोन्ही हात लागत होते. पुण्यातून निघालो तेव्हा दुपारचा पारा ३९ होता.

रविवार

एप्रिलमधलं सेंट मेरीज डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. टेकाडांवर गॉर्स नावाची काटेरी झुडपं पिवळीधमक फुललेली असतात, आणि ऊन चढलं की त्यांना चक्क खोबऱ्याचा वास येतो. पहिल्यांदा मला वाटलं, कुणाच्या तरी घरी वड्या थापल्या जाताहेत. थोडं पुढे गेलं की पातीच्या कांद्याचा वास. पांढऱ्या घंटांसारखी फुलं आणि तीनधारी देठ असलेला एक रानकांदा इथे रस्त्याच्या दोन्ही कडांना माजलेला आहे. इथल्या लोकांना त्याचं कौतुक नाही. शेतकऱ्यांना तर मुळीच नाही.

शेतं मात्र दिसतच नाहीत. रस्त्याने चालताना दोन्ही बाजूंना उंच हिरव्या भिंती. एका फटीतून आत डोकावलं तेव्हा कळलं की भिंतीआड शेत आहे. आपल्याकडच्या लग्नाच्या हॉलएवढं, फार तर दीडपट. त्याला लागून पुन्हा भिंत, पुन्हा तसलंच चिमुकलं शेत. सगळा उतार अशा चौकोनांनी भरलेला. या भिंती म्हणजे जिवंत कुंपणं. जाडसर, चिवट पानांची झुडपं दाट लावलेली: न्यूझीलंडचं पिटोस्पोरम, जपानी युऑनिमस, दक्षिण अमेरिकेतलं एस्केलोनिया. या गावचं एकही नाही. वारा आणि खारा फवारा सोसणारी पानं जगभरातून शोधून आणली, लावून बघितली, टिकली ती ठेवली.

मी आत पाऊल टाकलं आणि ओढणी खाली आली. बाहेर बोलणं ऐकू येत नव्हतं, आत मधमाशी ऐकू येत होती. हाताला पान लागलं तर हलत होतं. वारा पुरता थांबला नव्हता, त्याचा जोर तेवढा गेला होता.

इथे सांगायला हवं की आमची बाग अकराव्या मजल्यावर आहे आणि तिचं तोंड पश्चिमेला. आषाढात डोंगरावरून जो वारा सुटतो त्यात मिरचीची रोपं देठासकट पिळवटून निघतात. आमच्या गच्चीवाल्या मंडळींच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात याच विषयावर वाद होतो. एक पक्ष म्हणतो पत्रा ठोका, दुसरा म्हणतो बागकामच जूनमध्ये बंद ठेवा. (तिसरा पक्ष फक्त 'शुभ सकाळ' पाठवतो.) शेजारच्या विंगेत एकांनी पत्रा ठोकलाही. त्यांच्याकडे कुंड्या पत्र्याला अगदी चिकटून असल्या तर बऱ्या राहतात, चार हात लांबच्या आडव्या होतात. असं का, ते कुणाला नीट सांगता येत नव्हतं.

आमच्या मालकीणबाई सत्तरीच्या, आयुष्यभर फुलांच्या शेतात काम केलेल्या. संध्याकाळी त्यांना हे सांगितलं तर त्यांनी काटा आणि चमचा घेऊन टेबलावरच धडा घेतला. भरीव भिंत घातली की वारा तिच्यावरून उडी मारतो आणि पलीकडे गिरक्या घेत आदळतो. कुंपण मात्र निम्मं उघडं, निम्मं बंद असावं. मग वारा त्यातून गाळून येतो, त्याला उडी मारावी लागत नाही, आणि कुंपणाच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत आडोसा मिळतो. म्हणून शेतं लहान. मोठं शेत केलं तर मधली फुलं उघड्यावर पडतात.

दुपारी ओल्ड टाउनच्या चर्चच्या दफनभूमीत ब्रिटनचे माजी पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांची साधीशी कबर बघितली. त्यांचं इथे सुट्टीचं घर होतं; १९९५ साली ते गेले आणि त्यांना इथेच पुरलं. नवऱ्याला राजकारणात रस, म्हणून तिथे अर्धा तास मोडला.

सोमवार

धक्क्यावर फळा असतो. आज कोणती बोट कुठल्या बेटाला, किती वाजता, ते त्यावर. वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते, त्यामुळे कालची वेळ आज नसते. ट्रेस्को बेटावर तर सकाळी एका धक्क्यावर उतरवतात आणि परत यायला दुसऱ्याच धक्क्यावर बोलावतात, कारण तोवर पहिल्याचं पाणी ओसरलेलं असतं. 'आम्ही नाही सांगितलं का?' असा सूर इथल्या नावाड्यांचाही आहे. मला घरच्यासारखं वाटलं.

ट्रेस्कोवर पर्यटकांच्या गाड्या नाहीत. चालत ॲबी गार्डनला गेलो. १८३४ साली ऑगस्टस स्मिथ नावाच्या माणसाने ही सगळी बेटं डची ऑफ कॉर्नवॉलकडून, म्हणजे ब्रिटनच्या युवराजाच्या जहागिरीकडून, भाडेपट्ट्याने घेतली आणि एका पडक्या मठाच्या अवशेषांशेजारी घर बांधून बाग मांडायला सुरुवात केली. गृहस्थ खाक्याचे असणार. शाळेत मूल पाठवलं तर आठवड्याला एक पेनी फी आणि नाही पाठवलं तर दोन पेनी, असा त्यांचा हिशेब सांगतात. पुण्याला ही फी फार आवडली असती.

तेव्हा बेट म्हणजे उघडं माळरान होतं. भोवती उंच झाडांची भिंत उभी केल्याशिवाय आत काही टिकेना. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे माँटेरे पाइन आणि माँटेरे सायप्रस यांचे मोठे पट्टे लावले गेले. त्यात स्मिथच्या पुतण्याचा, १८७२ नंतर कारभार बघणाऱ्या टी. ए. डोरियन-स्मिथचा वाटा मोठा. आपल्याकडे काशिद-दिवेआगरला सुरूची बनं किनारा धरून उभी असतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे त्या बनाच्या आड १७ एकरांत दक्षिण आफ्रिकेचं प्रोटिया, ऑस्ट्रेलियाचं बँक्सिया, ताड आणि निवडुंग उघड्यावर वाढतात. हे अक्षांश ५० च्या जवळचं ठिकाण आहे, पुण्याच्या कितीतरी उत्तरेला. समुद्र उबदार असल्याने पारा शून्याखाली क्वचितच जातो, म्हणून हे जमतं.

बाग उतारावर आहे. सगळ्यात वरच्या पायरीवर कोरडं आणि ऊन, तिथे दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया. खाली ओल आणि सावली, तिथे न्यूझीलंडचे झाडाएवढे नेचे. वर-खाली करताना दमछाक होते, पण पायऱ्यागणिक हवा बदललेली अंगाला कळते. एकियम नावाचं एक कॅनरी बेटांचं झाड आहे, त्याचा निळ्या फुलांचा एकच दांडा माणसाच्या दुप्पट उंच जातो. दोन-तीन वर्षं वाढतं, एकदा फुलतं, बी टाकतं, संपतं. मी त्याच्याखाली उभी राहिले आणि वर बघताना मानेत उसण भरली.

एका वळणावर नवरा थांबला. समोर घायपात. पाटी लावलेली, भोवती खडी पसरलेली.

"हे बघायला तिकीट?" तो म्हणाला. "सातारा रोडला मैलभर फुकट दिसतं."

भाचीने त्याचा घायपातासोबत फोटो काढला. त्याने तो पुण्याला आपल्या ट्रेकच्या ग्रुपवर पाठवला आणि पुढचा तासभर उत्तरं वाचत बसला. माझी प्रोटियापाशी त्यामुळे सुटका झाली.

माळ्यांपैकी एक तरुणी वाळलेली पानं काढत होती. तिच्याकडून त्या दोन जानेवारी महिन्यांची गोष्ट ऐकली. १९८७ च्या जानेवारीत इथे बर्फ पडला आणि कडाक्याचा गारठा राहिला. नाजूक झाडं काळी पडून मेली. बाग सावरत होती तोच १९९० च्या जानेवारीत वादळ आलं आणि आडोशाच्या पट्ट्यातली बहुतेक झाडं मुळासकट पडली. म्हणजे आधी बाग गेली आणि मग बागेची भिंत. त्यांनी आधी काय उभं केलं? भिंत. आतली हौस नंतर. आज ते पाइन चांगले उंच झालेत.

बागेतच एक मांडव आहे, त्यात या बेटांवर फुटलेल्या जहाजांच्या नाळेवरच्या लाकडी मूर्ती रंगवून ठेवल्या आहेत. बायका, सैनिक, एक-दोन राजे. परतताना सोनेरी फेझंट नावाचा पक्षी चालत रस्ता ओलांडून गेला, कुणाचीही पर्वा न करता.

मंगळवार

आज वारा. परवापासून मी ज्याला वारा म्हणत होते त्याला मालकीणबाई झुळूक म्हणतात, हे सकाळी स्पष्ट झालं. फळ्यावर एकच शब्द होता: रद्द. सगळ्या बेटांच्या बोटी बंद. मुख्य भूमीवरून मालाची बोटही नाही, म्हणजे उद्या दुकानात ताजं दूध आणि पाव मिळेलच असं नाही. लोक त्याबद्दल तक्रार करत नव्हते, फक्त सकाळी लवकर दुकानात जाऊन आले होते.

खिडकीच्या काचेवर दुपारपर्यंत मिठाचा पांढरा थर बसला. बोट फिरवून जिभेला लावलं, खारटच. हेच मीठ पानांवर बसतं, आणि नंतर ऊन पडलं की पानाची वाऱ्याकडची कड करपते. त्यावरचा इथला इलाज म्हणजे वारा पडल्याबरोबर गोड्या पाण्याने झाडं धुऊन काढायची. पण गोडं पाणीही इथे मोजूनमापून. सेंट मेरीजवर विहिरींच्या जोडीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प आहे. त्यामुळे धुण्याचा मान आधी कोवळ्या रोपांना, मग वेळ आणि पाणी उरलं तर बाकीच्यांना. त्याच वेळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टँकरच्या पाळीवरून जुंपली होती. अटलांटिकच्या मधोमध बसून मी 'बी विंगला परवा मिळालं होतं' हे वाचत होते.

मालकीणबाईंनी आम्हाला मागच्या शेडमध्ये नेलं. बाकरवडीचा पुडा सोबत घेतला. त्यांना ती आवडली, पण तीन खाल्ल्यावर त्यांनी पाणी मागितलं. शेडमध्ये कंदांचे लाकडी ट्रे रचलेले. सिलीचं मुख्य फूलपीक म्हणजे नार्सिसस, डॅफोडिलचं भावंड, एका दांड्यावर फुलांचा गुच्छ येणारं आणि घमघमणारं. 'सोलेय डोर' ही पिवळी जात सगळ्यांत लाडकी. हंगाम ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे बाकी इंग्लंड गोठलेलं असताना. १९व्या शतकात कुणी एका शेतकऱ्याने टोपीच्या खोक्यात फुलं भरून लंडनच्या कॉव्हेंट गार्डन बाजारात पाठवली आणि धंदा सुरू झाला, असं सांगतात. अजूनही फुलं खोक्यांतून, टपालाने घरोघर जातात. आपल्याकडे तळेगावचे गुलाब फेब्रुवारीत विमानाने जातात, पण ते पॉलीहाउसमधले. इथे छप्पर नाही, कुंपण आहे.

खरी गंमत धुराची. फार पूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलं की शेतात पेंढा जाळला की त्या जागची फुलं लवकर येतात. मग उन्हाळ्यात, पानं सुकल्यावर, शेतावर पेंढा जाळायची पद्धतच पडली. पुढे वाफ्यांवर प्लॅस्टिक अंथरून त्याच्याखाली धूर सोडायला लागले. धुरात इथिलीन असतं आणि कंदाला ते फुलायची सूचना देतं. मी म्हटलं, इथिलीन ना, मग ते आमच्या ओळखीचं. हापूस आढीत घातला की फळातून हाच वायू सुटतो आणि पेंढ्यात कोंडून राहून शेजारचं फळ पिकवतो. मार्केट यार्डातल्या रायपनिंग चेंबरमध्येही तोच सोडतात. आढी म्हणजे काय हे मालकीणबाईंना समजावायला भाचीला दहा मिनिटं लागली. मग त्यांनी विचारलं, "आणि आंब्याची पेटी केवढ्याला?" ऐकून त्यांनी आपल्या फुलांचे भाव वाढवायचं मनावर घेतलं असावं.

आणखी दोन गोष्टी त्यांच्याकडून लिहून घेतल्या. वाऱ्याच्या जागी मोठं रोप विकत आणून लावू नये. वीतभर रोप लावावं. ते मुळं धरता धरता वाऱ्यातच वाढतं आणि बुंधा जाड करतं. मोठं रोप मुळाशी हलत राहतं आणि नवी मुळं तुटत राहतात. दुसरं, जमीन रेताड असल्यामुळे हिवाळ्यात किनाऱ्यावर येऊन पडलेलं समुद्रशेवाळ शेतात पसरतात, पावसाने मीठ धुतलं जातं आणि खत तेवढं राहतं. हे बावधनला मिळणार नाही. पालापाचोळ्यावर भागवावं लागेल.

बुधवार

वारा पडला आणि सगळं गाव धक्क्यावर आलं. आम्ही सेंट ॲग्नेसला गेलो. त्याच्या शेजारी ग्यू नावाचं छोटं बेट आहे, ओहोटीला मधली वाळूची पट्टी उघडी पडते आणि चालत जाता येतं. भरतीला पट्टी बुडते. पलीकडे अडकलात तर सहा-एक तास पक्षी बघत बसायचं. पश्चिमेला क्षितिजावर बिशप रॉकचा दीपस्तंभ, १८५८ पासून उभा, एका खडकावर. त्याच्यापुढे अमेरिकेपर्यंत जमीन नाही.

दक्षिणेकडच्या माळावर मी बराच वेळ बसले. तिथे हेदरची झुडपं आहेत, घोट्याएवढीच, आणि वाऱ्याने ती लाटांच्या आकारात कातरलेली आहेत. वाऱ्याकडची बाजू उघडी, करपलेली. आडोशाची बाजू हिरवी, तिच्यामागे पुढची लाट. कुणीही कात्री लावलेली नाही. झुडूप एका बाजूने मरतं आणि दुसऱ्या बाजूने पुढे सरकतं. मालकीणबाईंच्या काट्या-चमच्याच्या धड्याचं हे उत्तर माळभर पसरलेलं होतं. पहिलं झुडूप दुसऱ्याला आडोसा देतं. आमच्या गच्चीवर कोरफड, गवती चहा, मग मिरची, अशी ओळ लावून बघायला काय हरकत आहे?

या बेटावर उंदीर नाहीत. समुद्रपक्ष्यांची अंडी-पिल्लं ते खात, म्हणून २०१३-१४ च्या हिवाळ्यात ते संपवले आणि २०१६ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. आता मँक्स शिअरवॉटरची पिल्लं पुन्हा बिळांतून बाहेर पडतात. त्यासाठी घराघराने कचरा झाकून ठेवायचा, कोंबड्यांचं खाणं सांडू द्यायचं नाही, आणि बोटीतून काही कुरतडलेलं दिसलं तर लगेच कळवायचं. आमच्याकडे ओला-सुका वेगळा करायचं म्हटलं तर सभा घ्यावी लागते.

संध्याकाळी गिग बोटींची शर्यत. सहा वल्ह्यांच्या, एल्मच्या पातळ फळ्यांच्या लांबड्या होड्या. पूर्वी, जहाजांना खडकांतून वाट दाखवणाऱ्या वाटाड्यांना जहाजापर्यंत पोचवायला वापरत. जी आधी पोचेल तिला काम. आता बुधवारी बायका वल्हवतात, शुक्रवारी पुरुष. सकाळी दुकानात गल्ल्यावर बसलेली बाई तिसऱ्या होडीत होती. आम्ही मागून प्रवासी बोटीत बसून ओरडत गेलो. नवऱ्याने "चल चल चल" असं मराठीतून केलं आणि त्याच्या शेजारच्या आजोबांनीही ते उचललं.

गुरुवार

पाऊस. कपडे धुतले, वाळले नाहीत. भाचीने वरण-भात केला. दुपारी उघडल्यावर गल्लीतून फिरले. घरांच्या फाटकाशी टेबलं, त्यावर अंडी, जॅम, एओनियमच्या फांद्या, आणि पैसे टाकायला डबा. कुणी बघायला नाही. एओनियम इथे दगडी भिंतींच्या फटींत आपोआप वाढतं, हिरव्या तबकासारखी पानं. खत नाही, माती नाही. शेताच्या बांधाला पिवळी फुलं दिसली म्हणून वाकले तर ती आंबुशीच्या कुळातली निघाली, दक्षिण आफ्रिकेतून आलेली. पान चावून बघितलं, आंबट. कंदांच्या शेतात ती निघता निघत नाही म्हणे. कुंडीतली आंबुशी उपटून थकलेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं.

शुक्रवार

सकाळी धक्क्यावर मालकीणबाई कागदी पिशवी घेऊन आल्या. आत सोलेय डोरचे कंद. मला नेता येणार नव्हते. भारतात कंद न्यायचे तर आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, आणि विमानतळावर हुज्जत घालायची माझी तयारी नव्हती. पिशवी भाचीकडे गेली. "पानं पिवळी होईपर्यंत कापायची नाहीत. गाठी मारायच्या नाहीत. नीटनेटकं दिसत नाही म्हणून हात लावायचा नाही," त्यांनी तिला तीनदा बजावलं. पान कापलं तर कंदाला पुढच्या वर्षीचं अन्न कुठून मिळणार?

दुपारनंतर शाळेची मुलं आपापल्या बेटांवर जायला निघतील, असं त्या म्हणाल्या. बाकीच्या बेटांवरची मोठी मुलं आठवडाभर सेंट मेरीजला वसतिगृहात राहतात, शुक्रवारी घरी. सोळानंतर शिकायचं असेल तर मुख्य भूमीवरच जावं लागतं. त्यांचे दोघे गेले ते तिकडचेच झाले. पुण्यातल्या आमच्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

बोट सुटायला वेळ होता. मी ग्रुपवर लिहिलं: पत्रा नको. मृगाच्या आधी बुरूड आळीत जाऊन कुणीतरी बांबूच्या चटयांचा भाव काढून ठेवा, सहा फूट उंचीच्या, माझ्यासाठी चार. पुण्यात तेव्हा दुपार होती, उत्तर लगेच आलं.

"घट्ट विणीच्या ना?"

"सैल," मी लिहिलं. "हात घातला तर बोटं पलीकडे निघाली पाहिजेत."

"मग वारा येईल की."

"येऊ दे. आल्यावर सांगते."

नवऱ्याने नाश्ता करायचा का विचारलं. भाची आणि मी दोघींनी एकदमच नाही म्हटलं. तो एकटाच जाऊन अंडं-पाव खाऊन आला आणि वरच्या डेकवर जागा धरायला निघून गेला.